पाटी सगळ्यात शेवटी बघा
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांची ओळख

जुनी गाडी घेताना चॅसिस नंबरच्या पाटीवर किती विसंबावं, याबद्दल आलेली ही पत्रं. जागेअभावी ती थोडक्यात दिली आहेत.

एक फियाट डिलाइट बघितली. पाटीवर १९६४ आहे. पाटी अगदी कोरी करकरीत दिसते आणि पॉप रिव्हेटनं (एकाच बाजूनं बसवता येणारं पोकळ रिव्हेट) बसवलेली आहे. मालक म्हणतात, रंगकामाच्या वेळी काढून परत लावली. विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, कोथरूड

मालकांचं म्हणणं खरं असू शकतं, पण त्याचा निकाल पाटीवरून लावू नका. अख्ख्या गाडीत पाटीइतकी सहज बनवता येणारी दुसरी वस्तू नाही. पत्र्याचा तुकडा, ॲसिड किंवा लेझर, आकड्यांच्या पंचांचा एक संच आणि चार रिव्हेट एवढ्यावर काम होतं. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा : आधी पत्र्यात ठोकलेला नंबर, मग कागद, मग सुटे भाग आणि शेवटी पाटी.

डिलाइट ही फियाट ११००, आणि ११०० ला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चॅसिस. त्यामुळे खरा नंबर पत्र्यातच असतो. तो बघायला जाताना टॉर्च, दहापट भिंग, सहा इंची स्टीलची पट्टी, छोटं लोहचुंबक, बटर पेपर, २बी पेन्सिल आणि दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा न्या.

नंबरावर रंगाचे थर असतील तर मालकाची परवानगी घेऊन पेंट रिमूव्हर आणि नायलॉनचा ब्रश वापरा. एमरी पेपर आणि वायर व्हील नंबराच्या जवळही नेऊ नका, नाहीतर पुरावा तुमच्याच हातून पुसला जाईल. मग पट्टी नंबराच्या ओळीवर कडेवर उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. जुना नंबर ग्राइंडरनं घासून नवा ठोकला असेल तर तिथे पत्रा मधोमध खोलगट झालेला असतो आणि पट्टीखालून उजेडाची फट दिसते. घासण्याच्या समांतर रेघा आकड्यांच्या खालून गेल्या असतील तर आकडे नंतरचे. आता आरसा मागच्या बाजूला न्या. पातळ पत्र्यावर पंच मारला की मागे उठाव येतोच. पुढे नंबर आहे आणि मागे पत्रा सपाट आहे, असं दिसलं तर वर दुसरा तुकडा चिकटवून पुट्टीनं कडा मिटवल्याचा संशय घ्या. लोहचुंबक तिथे हलकं धरतं.

तुकडा वेल्ड केलेला असला तर मागचा जुना रंग जळालेला असतो, वेल्डची रेघ घासून सपाट केलेली असते. कारखान्याचा स्पॉट वेल्ड वेगळा दिसतो : पाच-सहा मिलिमीटरचा गोल खळगा, ठरावीक अंतरावर. रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. पन्नास वर्षांत दोन-तीनदा रंगलेल्या गाडीत आकडा मोठाच येणार, त्याला घाबरू नका. पूर्ण पत्रा २५० आणि नंबराभोवतीचा वीतभर भाग ७००, असा फरक मात्र बोलका असतो.

आकडे थोडे वाकडे, खोली कमीजास्त, म्हणून लगेच नंबर खोटा ठरवू नका. अनेक कारखान्यांत नंबर हातानंच ठोकले जात. बघायचं ते वळण : ३ चं डोकं गोल की सपाट, ४ वरून उघडा की बंद. बटर पेपरवर पेन्सिलनं छाप घ्या आणि जुन्या ट्रान्सफरच्या कागदांतल्या छापाशी ताडून बघा. एनओसीच्या फॉर्म २८ सोबत चॅसिसचा पेन्सिल छाप लागतो. जुन्या मालकाच्या फायलीत त्याची प्रत सापडली तर तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आता पाटी. पॉप रिव्हेट म्हणजे खोटी पाटी, हे समीकरण चुकीचं आहे. काही कारखाने पॉप रिव्हेट वापरत, काही हातोडीनं ठोकायचे पिळाचे खिळे. त्याच मॉडेलच्या, न उघडलेल्या दोन-तीन गाड्या बघा आणि मग ठरवा. भोकं लंबगोल झालीत का, शेजारी बुजवलेलं दुसरं भोक आहे का, पाटीच्या कडेनं जुन्या रंगाची आणि मळाची रेघ आहे का? आकड्यांच्या तळाशी भिंगानं बघा. भोवती धातू काळवंडलेला आणि आकड्याच्या तळाशी तो लख्ख, तर जुन्या कोऱ्या पाटीवर नंबर आत्ता ठोकलाय. सगळीकडे, अगदी पंचाच्या तळाशीसुद्धा, एकसारखा काळपटपणा असेल तर ॲसिडनं म्हातारी केलेली पाटी असू शकते. वापरानं झिजलेल्या पाटीचे उंचवटे उजळतात आणि खाचांत रंग टिकून राहतो.

मजकूरही वाचा. १९६४ च्या पाटीवर ‘मुंबई’ असं इंग्रजीत असेल तर ती खोटी, कारण शहराचं इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदललं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तरी तेच, पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. अक्षरं संगणकावरच्या एरियलसारखी आहेत का, तेही बघा. एरियल १९८२ चा टाइप आहे. त्याच्या इंग्रजी मोठ्या ‘जी’ ला खाली उजवीकडे टोक नसतं, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या हेल्व्हेटिकात ते असतं.

आणि एक कळकळीची विनंती. खात्री करायला पाटी काढून बघू नका. रिव्हेट एकदा तोडलं की अस्सल पाटीवरही पुढचा प्रत्येक जण संशय घेणार.

१९४३ ची विलीज एमबी जीप विकायला आहे. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर तिन्ही पाट्या आहेत आणि तारीखही जुळते. किंमत बरीच सांगतात.
– एक वाचक, चिंचवड

त्या तिन्ही पाट्या नव्या, कोऱ्या आणि राजरोस विकत मिळतात. जीर्ण पाटीच्या जागी नवी लावणं यात गैर काही नाही. त्यावर सोयीचा नंबर ठोकून तीच मूळची म्हणून विकणं ही मात्र फसवणूक आहे.

आधी जीपच युद्धकाळातली आहे का ते बघा. आपल्याकडे महिंद्राच्या नागरी जीपला लष्करी पोशाख चढवणं सोपं पडतं. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा, नागरी ‘सीजे’ जीपला सात. एमबीला मागे उघडणारं फळकं नसतं. हेडलाइट आत बसवलेले असतात आणि उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो. इंजिन एल-हेड, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. उंच बॉनेटच्या सीजे३बी मध्ये एफ-हेड असतं, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. दोन्ही २१९९ सीसीच, त्यामुळे आरसीवरची सीसी बघून काही कळत नाही.

मग जमिनीवर आडवे होऊन चॅसिस बघा. विलीजचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तीच जीप फोर्डनं ‘जीपीडब्ल्यू’ नावानं बनवली, तिचा चौकोनी घडणीचा. विलीजचा नंबर चॅसिसच्या डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरमागे रिव्हेट केलेल्या पाटीवर असतो. फोर्डनं तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर थेट ठोकला. नळीचा दांडा आणि वर जीपीडब्ल्यू नंबर, अशी जोडी दिसली तर काहीतरी बदललंय. फोर्डच्या सुट्या भागांवर आणि बोल्टांवर ‘एफ’ उठवलेला असतो, पण लष्करी वर्कशॉपमध्ये भाग सरसकट अदलाबदल व्हायचे. म्हणून चार-दोन एफ बोल्टांवरून काही ठरवू नका.

याच कारणानं इंजिन नंबर न जुळणं किंवा ग्लोव्हबॉक्सचा नंबर चॅसिसशी न जुळणं, हा गुन्ह्याचा पुरावा नाही. बॉडी आणि इंजिनं सेवेतच बदलली जात. जीपची ओळख चॅसिसवर. तो नंबर जागेवर, जुना आणि न छेडलेला असेल तर बाकी विसंगती किमतीत वळत्या करून घ्या. तिन्ही पाट्या, इंजिन आणि चॅसिस सगळं चकचकीत जुळतंय आणि डाव्या दांड्यावर मात्र ताजा काळा रंग आहे, अशी जीप सोडून द्या.

मर्सिडीज २४० डी, १२३ मालिका. नंबर १२३.१२३-१० ने सुरू होतो, स्टेअरिंग उजवीकडे. काही चूक आहे का?
– एक वाचक, कॅम्प

चांगलं हेरलंत. त्या काळच्या १४ आकडी नंबरात पहिले सहा आकडे मॉडेल आणि बॉडी सांगतात. १२३.१२३ म्हणजे २४० डी सेडान, ते बरोबर आहे. पुढचा आकडा स्टेअरिंगचा : १ डावं, २ उजवं. त्यानंतरचा ० म्हणजे मॅन्युअल गिअर, २ म्हणजे ऑटोमॅटिक. थोडक्यात, १० वाली गाडी डाव्या स्टेअरिंगची आणि मॅन्युअल म्हणून कारखान्यातून निघाली.

यात दोन शक्यता. इथे आल्यावर स्टेअरिंग उजवीकडे आणलं असेल, किंवा नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याची डावी बाजू बघा. ब्रेक बूस्टर आणि स्टेअरिंग कॉलमची भोकं बुजवल्याची वेल्डिंग सापडली तर गाडी बदललेली आहे आणि नंबर तिचाच असण्याची शक्यता मोठी. डावी बाजू कारखान्यासारखी स्वच्छ असेल तर गाडी जन्मापासून उजव्या स्टेअरिंगची आहे, मग तो नंबर तिचा नाही. पुढच्या पाटीवरचा नंबर आणि याच मधल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर शेजारी-शेजारी लिहून काढा. ते जुळलेच पाहिजेत.

फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सीटखाली नंबराच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंग दिसतं. पुढे स्टेपनीमागची पाटी ठीक आहे.
– एक वाचक, तळेगाव

पाटी ठीक असून उपयोग नाही. बीटलची बॉडी बोल्ट काढले की फ्लोअरपॅनवरून (तळाच्या पत्र्यावरून) उचलता येते, आणि ओळख पॅनच्या मधल्या बोगद्यावर ठोकलेल्या नंबरात असते. नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या पॅनवर चढवला की असंच वेल्डिंग दिसतं. सडलेल्या फरशीचं वेल्डिंग बोगद्याच्या बाजूंना, पायाखाली असतं. नंबराच्या आडव्या दोन्ही कडांना वेल्ड करण्याचं दुरुस्तीत कारणच नाही. १९६५ च्या मॉडेलपासून नंबराचा तिसरा आकडा सालाचा असतो : ११५ म्हणजे १९६५. मॉडेल वर्ष आदल्या ऑगस्टपासून सुरू होतं, त्यामुळे ऑगस्ट १९६४ नंतर बनलेल्या गाडीवर ११५ असणं योग्यच आहे. ही गाडी घेऊ नका.

आरसीवर नंबरात ‘एस’ आहे, गाडीवर ‘५’. गाडी १९६८ ची, पण पासिंग एमएच-१२. व्हिंटेज नोंदणी करायची आहे.
– एक वाचक, सहकारनगर

एस-५, ओ-०, बी-८ ही लिहिताना होणारी नेहमीची चूक. जुनं आरसी बुक, विमा आणि आधीची एनओसी यांत ‘५’ असेल तर पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत पेन्सिल छापासह दुरुस्तीचा अर्ज करा. दोन-तीन आकडे वेगळे असतील तर तिला लेखनिकाची चूक समजू नका.

एमएच-१२ ही मालिका १९८९ च्या नव्या पद्धतीतली. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ ने सुरू होणारी तीन अक्षरं होती. म्हणजे तुमच्या गाडीला हा क्रमांक नंतर मिळाला, आणि आधीचा क्रमांक, राज्य आणि पहिल्या नोंदणीची तारीख कुठेतरी असणारच. नोंदवहीचा उतारा मागा. व्हिंटेजच्या २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडीच बसते. पाटीवरचं साल तिथे चालत नाही. अर्ज फॉर्म २० वर, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

गाडी घेऊन झाली. आता रंग काढताना नंबर घासलेला सापडला. मेकॅनिक म्हणतो, आरसीप्रमाणे नवा ठोकून देतो.
– एक वाचक, धनकवडी

ठोकू देऊ नका. आज तुम्ही फसवले गेलेले आहात, पंच मारलात तर खोटा नंबर करणारे तुम्ही ठराल. काम तिथेच थांबवा, त्या भागाचे फोटो काढा आणि त्यावर नुसतं ग्रीस लावा, म्हणजे गंज चढणार नाही.

घासलेला नंबर बऱ्याचदा परत वाचता येतो. पंचाचा दाब आकड्याच्या तळाखालीही धातूची घडण बदलतो, आणि योग्य रसायन लावलं की तेवढा भाग वेगळा दिसू लागतो. घासणं फार खोल गेलेलं नसेल तरच हे जमतं. स्वतः ॲसिड लावून बघू नका, ही संधी एकदाच मिळते. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं. पुण्यात ती गणेशखिंडीत आहे आणि नमुना पोलिसांमार्फत जातो.

म्हणून खरेदीचा करार, पैसे दिल्याची नोंद आणि विक्रेत्याचे संदेश घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. आरसीवरचे चॅसिस आणि इंजिन नंबर चोरीच्या नोंदीत आहेत का, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन एनओसी सेवेतून तपासा. नंबर निव्वळ गंजानं गेला असं निघालं तर तो पुन्हा ठोकण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या, आणि ते पत्र गाडीच्या कागदांत कायम ठेवा. पुढचा खरेदीदार तेच आधी मागेल.