पांढऱ्या धुरापायी आठ लाखांचं कर्ज घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वाचक काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री वाहतात. डिझेल पिकअप साडेसात वर्षांची, कर्ज फिटलेलं. पंधरा दिवसांपासून गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो आणि रेडिएटरमध्ये दोन दिवसांनी अर्धा लिटर बोअरचं पाणी घालावं लागतं. गॅरेजवाल्याने ‘इंजिनचं पूर्ण काम’ म्हणून ९०,००० सांगितले. शोरूमवाले जुनी गाडी २,१०,००० ला घेऊन नवीसाठी ८,००,००० चं कर्ज देतायत, १२ टक्के, पाच वर्षं. हाताशी १,५०,००० ची एफडी आहे, ती जूनमध्ये मुलीच्या कॉलेजच्या फीची. डिझेल-देखभाल जाऊन सीझनमध्ये महिन्याला ३४,००० उरतात, मे ते ऑगस्ट १९,०००.

भाऊ, आज या दोन्हींपैकी काहीच करू नका. गाडी उभी करा आणि दोन-तीन हजार खर्चून आधी दुखणं नेमकं कुठं आहे ते शोधून घ्या. ९०,००० चा आकडा तपासणीतून आलेला नाही, तो अंदाज आहे. आठ लाखांचं कर्ज त्या अंदाजाच्या भीतीवर उभं राहतंय.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सायलेन्सरमधून निघणारी वाफ पाच मिनिटांत थांबली, तर तो दोष नसतो. धुराला कच्च्या डिझेलचा उग्र वास असेल आणि डोळे चुरचुरत असतील, तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा भाग), टायमिंग किंवा कमी पडलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) पाहावं लागतं. तुमचं पाणी कमी होतंय आणि धूर गरम इंजिनातही थांबत नाही, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलिंडरमध्ये किंवा थेट एक्झॉस्टमध्ये जातंय असं धरून चला. कूलंट जळताना गोडसर वास येतो. पण तुम्ही बोअरचं साधं पाणी घालताय, त्यामुळे तो वास येणार नाही. वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

कूलंट आत जायच्या मुख्य वाटा तीन: हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी), तडा गेलेलं हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग). तिन्हींचा खर्च वेगळा, आणि ईजीआर कूलर फुटला असेल तर हेड खोलायची गरजच नसते. म्हणून तपासणी पुढच्या क्रमाने करायला सांगा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून कॅपवर छापलेला दाब द्यायचा (साधारण १ बार) आणि १५-२० मिनिटं काटा पाहायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर गळती आत आहे. मग ग्लो प्लग काढून स्टार्टर फिरवायचा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा येईल तो सिलिंडर दोषी. रेडिएटरच्या तोंडाशी ब्लॉक टेस्टर लावला की जळालेला वायू पाण्यात मिसळतोय का ते कळतं, निळ्या द्रवाचा रंग बदलतो. हे सगळं कोरडं निघालं, तर ईजीआर कूलर काढून पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासायचा. ऑइलची दांडी रोज पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल तर बेअरिंगलाही धोका आहे. गरम रेडिएटरची कॅप मात्र उघडू नका.

‘सीझन संपेपर्यंत ओढू’ हा विचार सगळ्यात महाग पडेल. पाणी दाबलं जात नाही. उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्यावर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग आज २०-२५ हजारांत होऊ शकणारं काम खरोखर ९०,००० वर जातं. इन्शुरन्सही कामी येणार नाही, यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटर पॉलिसीत बसत नाही. गाडी बंद असताना भाड्याची गाडी लावा. आठ-दहा दिवस कमाई घटेल, पण गिऱ्हाईक टिकेल.

आता कर्ज. ८,००,००० वर हप्ता १७,७९६ रुपये, पाच वर्षांत व्याज सुमारे २,६८,०००. मे ते ऑगस्ट हप्ता भरून घरखर्चाला महिन्याला १,२०४ रुपये उरतात. नव्या गाडीने देखभाल आणि मायलेजमध्ये तीन हजार वाचले असं धरलं, तरी भागत नाही. ‘९ टक्के फ्लॅट’ (पाचही वर्षं पूर्ण आठ लाखांवर व्याज) म्हणाले तर हप्ता १९,३३३ होतो. घटत्या शिलकीवर तो दर साडेपंधरा टक्क्यांच्या वर जातो. व्याजावर टॅक्स वाचेल हेही तुमच्या बाबतीत खरं नाही. तुम्ही छोट्या मालवाहतूकदारांच्या ठरावीक उत्पन्नाच्या पद्धतीने, वाहनामागे महिना ७,५०० धरून इन्कम टॅक्सचं रिटर्न भरता. त्यात व्याज, घसारा, दुरुस्ती आधीच वजा धरलेली असते.

त्यामुळे गॅस्केट किंवा ईजीआर कूलर निघाला तर बिनधास्त दुरुस्त करा. हेड खोललंच, तर लेथवाल्याकडून दोन गोष्टी हव्यात: दाबाखाली तड्याची तपासणी, आणि सरळ पट्टी-फीलर गेज लावून वाकलंय का याचं माप. गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो त्यावर ठरते, जुन्यासारखीच दिसते म्हणून कोणतीही घेऊ नका. बोल्ट कंपनीच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरलेला जोर मोजून आवळणारा पाना) आवळायचे. आणि इंजिन कशामुळे तापलं, हे शोधल्याशिवाय गाडी घेऊ नका: थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फॅन, बोअरच्या क्षारांनी चोक झालेला रेडिएटर. हे राहिलं तर मे महिन्यात ४५ अंशांत तीच गॅस्केट पुन्हा जाईल. यापुढे कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला.

पैशासाठी एफडी मोडू नका. तिच्यावर ३०,००० चा ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल) घ्या, दर एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो. मृगाच्या संत्र्यांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो फेडून टाका. जूनची फी शाबूत राहील.

ब्लॉकलाच तडा निघाला, किंवा कॉम्प्रेशन सगळ्याच सिलिंडरचं पडलेलं असलं, तर माझं मत बदलेल. तेव्हा ९०,००० घालण्यापेक्षा गाडी विकणं बरं. आठ वर्षांनंतर गाडीचं फिटनेस सर्टिफिकेटही दरवर्षी करावं लागतं. पण तेव्हाही हप्ता ९,००० च्या वर नको, म्हणजे पाच वर्षांसाठी कर्ज जास्तीत जास्त चार लाख, आणि त्यात बसेल अशी तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी. शोरूमकडून एक्स्चेंज बोनस वगळून जुन्या गाडीचा खरा भाव लेखी घ्या आणि नागपूरजवळच्या वाडी गावातल्या जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना धुराबद्दल खरं सांगून त्यांचाही भाव काढा.