अथॉल हायलँडर्स ही स्कॉटिश जिग (वेगवान नाचाची धून) मूळची कुठली? व्हायोलिनवर बसवायला कोणतं ध्वनिमुद्रण ऐकावं?

ही धून मुळात बॅगपाइपची, ६/८ मधलं कूच. फिडलवाल्यांनी (लोकसंगीतातले व्हायोलिनवादक) ती उचलली, वेग वाढवला आणि जिग म्हणून नाचाला वाजवली. बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी यातूनच येतात.

नाव पर्थशरमधल्या अथॉलच्या ड्यूकच्या पलटणीचं. पहिली पलटण १७७७ ची. १७८३ मध्ये पोर्ट्समथला तिला ईस्ट इंडीजच्या जहाजांवर चढायचा हुकूम मिळाला आणि शिपाई अडून बसले, कारण भरती अमेरिकेतलं युद्ध संपेपर्यंतचीच होती. त्याच वर्षी ती मोडली. ड्यूकच्या ब्लेअर कॅसल या किल्ल्याची आजची मानाची पलटण १८३९ मध्ये नव्याने उभारलेली; तिला निशाणं १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणीने दिली. धून मात्र पारंपरिक म्हणूनच छापली जाते.

आता सूर. ए हा सा धरा. पाइपवर नऊच स्वर असतात आणि त्यातला नी कोमल, म्हणजे आपला खमाज थाट. सुरुवात अशी: प – – प ग सा, प ग सा रे ग म. भाग संपतो तो ग सा ग, म रे नी (मंद्र, कोमल), सा असा. ए मेजरची सवय असलेला हात इथे हमखास शुद्ध नी लावतो आणि धून गुळगुळीत होते. हा मंद्र कोमल नी डी तारेवर तिसऱ्या बोटाने, दुसऱ्याला चिकटून घ्या. वरचा कोमल नी ई तारेवर, दुसरं बोट पहिल्याला चिकटून.

'सा ग प सा ग प, सा म ध सा म ध' या भागात गज सतत ए आणि ई तारांमध्ये झुलतो. पूर्ण हात हलवलात तर वेग वाढताच लय तुटणार. काम मनगटाने, गजाच्या मधल्या चार-पाच इंचांत करा.

चार भाग, प्रत्येकी आठ बार (तालाची आवर्तनं), दोनदा: एकूण ६४ बार. बारात दोन ठोके, प्रत्येकात तीन स्वर. पाइपवाले त्यातला पहिला लांबवतात, दुसरा तोडतात. आयरिश बैठकीत, म्हणजे वादक एकत्र जमून वाजवतात तिथे, तिन्ही बरेचसे सारखे येतात. मला पाइपचं वळण जास्त खरं वाटतं, म्हणून आधी पाइप बँडचं ध्वनिमुद्रण ऐका. मात्र त्याच्यासोबत वाजवायला जाल तर सूर जुळणार नाही. कागदावर ए लिहिलेला असला, तरी आजच्या पाइपचा तो स्वर साधारण ४७० ते ४८० हर्ट्झला बोलतो, व्हायोलिनचा ४४० ला. तारा चढवू नका, ई तार तुटेल; संगणकावर ध्वनिमुद्रणच एक-दीड सेमीटोन (अर्धा स्वर) उतरवा.

दुसरा टप्पा अकॉर्डियन आणि फिडलच्या स्कॉटिश डान्स बँडचा, अकॉर्डियनवादक जिमी शँडच्या परंपरेतला. तिथे नाचाचा ठोका पक्का कळतो. जुनं, घरगुती वादन हवं असेल तर टोबर अन ड्युअलखस या संकेतस्थळावर एडिनबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजची क्षेत्रध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात. रोमनमध्ये शोधताना अथॉलच्या शेवटी दोन एल आणि एल-ई, दोन्ही टाकून पाहा.

सराव मिनिटाला ७० ठोक्यांवर सुरू करा. नाचाला ११० ते ११५ लागतात, पण मंद्र नी प्रत्येक वेळी कोमल लागेपर्यंत ८० च्या पुढे जाऊ नका.