निघताना 'येते' का म्हणाले

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

('चि.' म्हणजे चिरंजीव. मुलांना लिहायचं पत्र असंच सुरू करतात. तोंडी सांगायला बसले तर तू अर्ध्यात पळशील, म्हणून लिहितेय. तेवढंच तुझं देवनागरी वाचणंही होईल.)

फ्रिजवरची चिठ्ठी वाचली. "आई, तू लिस्बनच्या काकांशी खोटं का बोललीस? दुसऱ्या दिवशी आपलं म्यूनिकचं विमान होतं. तरी तू येते म्हणालीस." 'खोटं'च्या खाली दोन रेघा! मी घरात खरं बोलण्यावरून किती कटकट करते ते ठाऊक आहे मला, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

आधी ते जेवण आठव. दोन दिवस आपण खारवलेला बाकाल्याव मासा आणि पाव खात होतो. मासा चांगलाच होता, पण तिसऱ्या दिवशी मला भात हवा होता. लिस्बनच्या मोरारिया भागातला तो चढ चढताना कुठूनतरी भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला आणि मी थांबलेच. बाबा म्हणाला, "इतक्या लांब येऊन पुन्हा भातच खायचा?" (नंतर तीनदा भात कोणी घेतला, ते तू पाहिलंसच.)

छोटंसं गोवन हॉटेल, सहा-सात टेबलं असतील. मेनूकार्डवर तुला 'बटाटा' दिसला आणि तू ओरडलास, "आई, हे मराठी आहे!" उलटं आहे रे. बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पाव, काजू, चावी, अगदी बाबाचा पगारसुद्धा तिकडचाच. मग विंदालूमध्ये बटाटा नाही म्हणून तू हिरमुसलास. त्या 'आलू'चा हिंदीतल्या बटाट्याच्या 'आलू'शी संबंध नाही. मूळ पोर्तुगीज शब्दांचा अर्थ वाईन आणि लसूण. लोकांनी 'आलू' ऐकलं आणि पुढे बटाटे घातले.

पण माझ्या लक्षात राहिली ती शाकुती. खोबरं, धने, खसखस, लाल मिरच्या सगळं नीट भाजून वाटलेलं. भाजताना जरा कमी-जास्त झालं की रस्सा कडवट होतो किंवा कच्चा लागतो. इथे नेमकं जमलं होतं. माझी आई वाटण करायची तेव्हा घरभर हाच वास असायचा. पहिला घास घेतल्यावर मी बराच वेळ गप्प होते, आणि तू विचारलंस, "तिखट लागलं का?" हो म्हणाले. ते मात्र खोटं होतं, कबूल.

मग ते काका आले आणि म्हणाले, "तुमी खंयचीं?" तू माझ्या कानात विचारलंस की हे चुकीचं मराठी का बोलतात. चुकीचं नाही, ती कोकणी. माझं आजोळ मालवणकडचं, तिथेही कुठला म्हणायला 'खंयचो' म्हणतात. म्हणून मी पटकन बोलले आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांचे वडील तरुणपणी मडगावहून मोझांबिकला गेले. तेव्हा गोवा आणि मोझांबिक, दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. काका मोझांबिकमध्येच जन्मले. १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाला आणि हे सगळे लिस्बनला आले. गोव्याला ते आयुष्यात दोनदाच गेलेत. आणि भाषा बघ, जशीच्या तशी!

शेवटी त्यांनी न मागता बेबिंका, म्हणजे तो थराथरांचा गोड पदार्थ, आणून ठेवली. तू सुरीने थर सोडवून मोजलेस, सात भरले. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, आणि आच वरून द्यायची, त्यामुळे अख्खी दुपार जाते. बिलात तिचे पैसे नव्हते. बाबाने विचारलं तर काकांनी नुसता हात हलवला.

तर, दारात मी म्हणाले, "येते हं." का?

आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. आजोबा 'गेले' हे आपण कसं बोलतो, तुला माहीत आहे. तो शब्द उंबऱ्यावर नको वाटतो. तसा नारळ आपण देवापुढे फोडत नाही, वाढवतो. मी पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा तुझ्या आजीने हातावर दही घातलं आणि मी घाईत "जाते गं" म्हणाले. तिने मला दारातून परत आत घेतलं. पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आता नीट म्हण." खाली टॅक्सी वाजवत होती. मी "येते" म्हटलं, तेव्हा सोडलं.

गंमत म्हणजे निघायची परवानगीसुद्धा आपण "येऊ का?" अशीच मागतो. तुझ्या वर्गातल्या मुलांना हे कसं समजावशील, बघ बुवा. फोनवर मात्र येत नाही कोणी, तिथे "ठेवते".

आणि तू रोज शाळेतून निघताना बाईंना काय म्हणतोस? आउफ विडरझेएन. जर्मनमध्ये म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. परवा स्टेशनवर तिकीट तपासणाऱ्यालाही म्हणालास. त्याला कुठे भेटणार आहेस?

काकांना ते बरोबर कळलं, कारण कोकणीतही निघताना 'येतां' म्हणतात. त्यांचे वडीलही मडगावच्या घरातून असंच म्हणून निघाले असणार. नंतर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि पोर्तुगालने ते मान्य करायला १९७४ उजाडलं. मधल्या वर्षांत तिकडून घरी येणं सोपं नव्हतं. म्हणून मी "येते" म्हटल्यावर काका क्षणभर थांबले असतील का? मला तसं वाटलं. मग म्हणाले, "येयात, येयात." तू मागून जर्मनमध्ये "च्यूस!" (बाय!) ओरडलास आणि ते खळखळून हसले.

त्यांचं कार्ड तुझ्या कंपासपेटीत ठेवलंय, हरवू नकोस. मागे पोर्तुगीजमध्ये लिहिलंय, सोमवारी बंद. म्हणजे सोमवार सोडून कधीही.

तुझी,
आई