वेड्यावाकड्या प्लॉटच्या चारही बाजू माहीत आहेत (३९, ४२, २८, ५३ फूट, याच क्रमाने). क्षेत्रफळ कसं काढू?

नुसत्या चार बाजूंवरून निघणार नाही. चार काठ्या टोकांना सुतळीने बांधून चौकट करा आणि एक कोपरा आत दाबा. लांब्या त्याच, परिमितीही तीच (इथे १६२ फूट), पण आतली जागा घटते. म्हणून पाचवं माप लागतंच: एक कर्ण.

३९ आणि ४२ च्या बाजू जिथे मिळतात, तो कोपरा सोडून त्या दोघींची उरलेली टोकं टेपने जोडा. समजा ४५ फूट भरले. आता दोन त्रिकोण झाले, दोन्हींना शाळेतलं हिरोचं सूत्र लावा: तिन्ही बाजूंच्या बेरजेची निम्मी म्हणजे अर्धपरिमिती, तिच्यातून प्रत्येक बाजू वजा करा, ते तीन आकडे आणि अर्धपरिमिती यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ.

पहिला ३९, ४२, ४५: अर्धपरिमिती ६३. ६३ × २४ × २१ × १८ चं वर्गमूळ ७५६.
दुसरा ४५, २८, ५३: योगायोगाने इथेही ६३. ६३ × १८ × ३५ × १० चं वर्गमूळ ६३०.

एकूण १३८६ चौरस फूट. गुंठा १०८९ चौ. फुटांचा, म्हणजे साधारण सव्वा गुंठा.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची पद्धत गावोगाव चालते. तिने ३३.५ × ४७.५ म्हणजे १५९१ येतात, तब्बल २०५ फूट जास्त! आयत सोडला तर ही पद्धत नेहमी जास्तच दाखवते, त्यामुळे विकणाऱ्याला फार आवडते. ब्रह्मगुप्ताचं चार बाजूंचं सूत्रही इथे नको. ते चक्रीय चौकोनालाच (ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात) लागू पडतं.

टेप मात्र ताणून धरा, झोळ पडला की कर्ण फुगतो.