वाचकांचे प्रश्न : सुतारकाम शिकायचं आहे, शिष्यवृत्ती मिळेल का?

(आयटीआयमधून सुतारकामाचे निदेशक म्हणून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक या अंकात लाकूडकामाच्या शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावी ७१ टक्क्यांनी पास झाली. शाळा सांभाळून ती मामाच्या वर्कशॉपमध्ये बसते, रंधा-पटाशी हातात धरते. तिला सुतारकामच शिकायचं आहे. घरचे म्हणतात, मुलीची जात, नर्सिंगला घाला. आम्ही ओबीसी आहोत, माझी थोडी भातशेती आहे. सुतारकामाला शिष्यवृत्ती असते का? मोबाइलवर शोधून काही सापडलं नाही. पुढे डिप्लोमाला जाता येईल का?
— एक वडील, संगमेश्वर तालुका

उत्तर : मामाच्या वर्कशॉपमध्ये तासन्‌तास उभी राहून जी मुलगी अजूनही ‘हेच शिकायचंय’ म्हणते, तिला खरंच शिकायचं आहे. माझ्या वर्गात मुली फार थोड्या आल्या. पण आल्या त्यांची आखणी आणि सांध्याची सफाई बघून बाकीची बॅच सुधारायची. गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावून रेघ मारणं, रेघेवर करवत धरणं, पटाशी रोजच्या रोज पाजवणं या कामाला चिकाटी लागते. दणकट दंडांची गरज लोक समजतात त्याहून कितीतरी कमी असते, आणि आता तर निम्मं काम यंत्रावरच होतं. आयटीआयच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. घरच्यांना हेही सांगा.

आता पैशांचं. मोबाइलवर ‘सुतारकाम शिष्यवृत्ती’ म्हणून शोधलंत, म्हणून काही सापडलं नाही. आपल्याकडे मदत धंद्याच्या नावाने नसते. ती विद्यार्थ्याचा प्रवर्ग, कुटुंबाचं उत्पन्न आणि अभ्यासक्रमाचा प्रकार बघून मिळते. त्यामुळे आधी प्रवेश आणि मग महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल, असाच क्रम ठेवावा लागतो.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो. पूर्वी ज्याला नुसतं ‘कारपेंटर’ म्हणत, तो ट्रेड आता ‘वुड वर्क टेक्निशियन’ या नावाने दिसतो. मुदत एक वर्षाची, पात्रता आठवी पास. यादीत ‘सुतार’ शोधत बसाल तर नजरेतून सुटेल. हा ट्रेड प्रत्येक तालुक्याच्या संस्थेत नसतो, म्हणून विकल्प भरताना रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या संस्थाही बघा आणि वसतिगृहाची चौकशी आधीच करून ठेवा. सरकारी संस्थेत शुल्काचा बोजा फारसा नसतो. खरा खर्च एसटीचा पास, दुपारचा डबा, बूट आणि गणवेश यांवर होतो. दूरची संस्था असेल तर खोलीभाडंही आलं. मुलं शुल्कापायी सहसा गळत नाहीत, या बारीकसारीक खर्चापायी गळतात. हे मी वर्गात बघत आलो, म्हणून आवर्जून सांगतो.

प्रवेश पक्का झाला की मुलीच्या आधारवर महाडीबीटीवर प्रोफाइल उघडा. प्रवर्ग, उत्पन्न आणि अभ्यासक्रम भरला की तिला लागू होणाऱ्या योजना तिथेच दिसतात. प्रशिक्षण शुल्काच्या प्रतिपूर्तीची योजना संचालनालयाची स्वतःची आहे, ओबीसींसाठीच्या योजना बहुजन कल्याण विभागाच्या. आयटीआयचं विद्यावेतन तर कित्येक वर्षं महिन्याला अवघ्या ४० रुपयांवर अडकलं होतं; २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ५०० रुपये करायचा निर्णय घेतला. आपली मुलगी त्याच्या निकषात बसते का, हे संस्थेच्या कार्यालयात प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्या.

कागद मात्र आजपासून जमवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला. ओबीसीच्या जातदाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तुमच्या आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा जुना जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा शोधायला वेळ लागतो आणि जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. दुसरं म्हणजे मुलीचं बँक खातं तिच्याच नावाचं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. मंजूर झालेले पैसे केवळ खातं जोडलेलं नाही म्हणून अडकून पडलेले मी पाहिले आहेत. त्या वेळी मूल घरून पैसे मागायला लाजतं आणि गैरहजर राहू लागतं. हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेला बसता येत नाही.

वर्ष संपल्यावर जे मिळतं, त्यालाच मी या धंद्याची खरी शिष्यवृत्ती मानतो. ती म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालची अप्रेंटिसशिप. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. म्हणजे शिकता शिकता पैसे, आणि तेही मोठ्या कारखान्यातल्या यंत्रांवर. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत कारपेंटरच्या जागा असतात. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते. दहावीला किमान ५० टक्के लागतात, तुमच्या मुलीचे ७१ इथे कामी येतील. मुंबईच्या नौदल गोदीच्या अप्रेंटिस शाळेतही सुतारकाम केलेल्यांसाठी ‘शिपराइट (वुड)’च्या, म्हणजे जहाजावरच्या लाकूडकामाच्या, जागा निघत आल्या आहेत. जाहिरात निघाली की अर्ज करायचाच, अंतर बघायचं नाही.

एक धोका सांगतो. पहिल्या सत्रात हात जरा बसला की मॉड्युलर किचनवाला ठेकेदार रोजंदारीवर बोलावतो. माझा एक चांगला विद्यार्थी असाच गोव्याला गेला. प्लाय कापणं, लॅमिनेट चिकटवणं, चॅनेल बसवणं यात तो तरबेज झाला. पण प्रमाणपत्र नाही, त्यामुळे रेल्वेच्या जाहिरातीला अर्ज करता आला नाही, आणि घन लाकडातलं खुर्चीचं काम आलं की त्याला दुसऱ्याला बोलवावं लागतं. एक वर्ष कुठेही हलू द्यायचं नाही, हे मामांनाही सांगून ठेवा.

डिप्लोमाबद्दल स्पष्ट लिहितो. आयटीआयवरून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायला दोन वर्षांचा ट्रेड लागतो, हा ट्रेड एक वर्षाचा आहे. दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षाला मात्र कधीही जाता येईल. मला स्वतःला तिच्यासाठी दुसरी वाट जास्त आवडेल : आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, मग आयटीआयत शिकवणाऱ्यांसाठीचं एक वर्षाचं शिल्प निदेशक प्रशिक्षण. सुतारकाम शिकवणारी बाई आयटीआयत उभी राहिली की पुढच्या मुलींच्या वडिलांना असं पत्र लिहावं लागणार नाही.

काही खासगी संस्था लाकूडकामाचे देखणे अभ्यासक्रम चालवतात आणि त्यांचं शुल्क लाखांत असतं. कौशल्य कर्ज योजनेची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखांवरून साडेसात लाखांवर गेली आहे, तेव्हा बँक कर्ज देईलही. सोळा वर्षांच्या मुलीसाठी, भातशेतीच्या भरवशावर, ते आज काढू नका.

प्रश्न : मी बी.एस्सी. (रसायनशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांची सॉ मिल होती, त्यामुळे लाकडाची ओढ आहे. लाकडाच्या तंत्रज्ञानात पुढे शिकता येतं का आणि खर्च कसा भागवावा?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : येतं, आणि रसायनशास्त्र घेऊन येतोस हे फार बरं. प्लायवूड म्हणजे लाकडाइतकंच गोंदाचं काम. साधं प्लायवूड युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदावर चालतं. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लायवूड फिनॉल फॉर्मल्डिहाइडचं, आणि त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत. कच्चं लाकूड भट्टीत किती वेगाने सुकवायचं, वाळवी-भुंग्यासाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिड किती खोल मुरतं, हे सगळं तुझ्याच विषयातलं आहे. आजोबांच्या मिलमध्ये ओंडका पाहून जे हाताने कळायचं, ते तू मोजायला शिकशील.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. ही संस्था १९०६ पासूनची. प्रवेश परीक्षेतून होतो. पदवीला कोणते विषय लागतात ते माहितीपत्रकात ताडून मगच अर्ज कर. बंगळुरूला मल्लेश्वरममध्ये लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे यंत्रांवरच्या लाकूडकामाची छोटी प्रशिक्षणं होतात. सुट्टीत एखादं कर, म्हणजे दोन वर्षं द्यायची की नाही ते तुझं तुलाच कळेल. वनविद्या हाच पाया घ्यायचा असता तर दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत पदवी आहे, पण ती बारावीनंतरची वाट. तुझी वेळ गेली म्हणून हळहळू नकोस, गोंदाच्या प्रयोगशाळेत तूच पुढे राहशील.

पैशांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल बघ. बारावीच्या गुणांवर केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापासून मिळत असेल, तर ती पदव्युत्तरलाही चालू राहते, वर्षाला २०,००० रुपये. नूतनीकरण चुकवू नकोस; एकदा खंड पडला की मधूनच नव्याने अर्ज करता येत नाही. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, म्हणजे पीएच.डी.ला घरावर भार नाही. प्रवर्ग लिहिला नाहीस. असेल तर महाराष्ट्राबाहेर शिकताना राज्याची कोणती योजना सोबत नेता येते, ते समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचार, फोनवर नको.

प्रश्न : वय ४४, गावात सुतारकाम करतो. विश्वकर्मा योजनेतून मुलाला शिकवता येईल का? तो १९ वर्षांचा आहे, अर्ज त्याच्या नावाने करू की माझ्या?
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : अर्ज तुमच्या नावाने करा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना स्वतःच्या हाताने आणि अवजाराने धंदा करणाऱ्या कारागिरासाठी आहे, शिक्षणासाठी नाही. १८ व्यवसायांत सुतार आहेतच. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. मुलाच्या नावाने भरलात तर तुमचं दार बंद होईल.

तुम्हाला पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि नंतर पाच टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. ते वेळेत फेडलंत की पुढचं दोन लाखांपर्यंतचं. मागच्या पाच वर्षांत मुद्रासारखं सरकारी योजनेतलं धंद्याचं कर्ज घेतलं असेल तर त्यामुळे अर्ज अडू शकतो, म्हणून ते आधी तपासा. व्हाउचरमधून हाताची जुनीच अवजारं पुन्हा घेऊ नका, मोटरवर चालणारा रंधा किंवा चांगली ड्रिल घ्या.

मुलाला आयटीआयला पाठवा. वयाची अडचण नाही, आणि वरच्या संगमेश्वरच्या उत्तरातलं कागदांचं सगळं त्यालाही लागू आहे. तुमचा अर्ज गावच्या सीएससी केंद्रावर (सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणारं केंद्र) आधार आणि बँक पासबुक घेऊन होतो, नंतर ग्रामपंचायतीची पडताळणी असते. भरल्यावर सरपंचांना जाऊन भेटा, अर्ज तिथेच पडून राहतात.