गुन्ह्याआधीच नंबर सांगणारं यंत्र: वाचकांचे प्रश्न

‘पर्सन ऑफ इंटरेस्ट’ या अमेरिकी मालिकेचा मागे ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतके प्रश्न आले की हे सदर त्यांनाच देतो आहे. मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: सीबीएस वाहिनीवर 2011 ते 2016 या काळात तिचे 103 भाग झाले. अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर हॅरल्ड फिंच हा अब्जाधीश संगणकतज्ज्ञ सरकारसाठी एक यंत्र बनवतो. कॅमेरे, फोन, ईमेल असं सगळं चाळून ते दहशतवादी कट हुडकतं. पण साध्यासुध्या माणसांचे खूनही त्याला आधीच दिसतात आणि सरकारला त्यांचं सोयरसुतक नसतं. मग फिंच आणि जॉन रीस हा सीआयएचा माजी माणूस ते खून थोपवायला निघतात. यंत्र त्यांना फक्त एक नंबर देतं, होणाऱ्या खुनाशी संबंध असलेल्या माणसाचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे त्याचा सरकारी ओळख क्रमांक.

प्रश्न: असं यंत्र खरंच बनू शकतं का? कॅमेरे झाले, एआय आलं, मग अडतंय कुठे? (पुणे)

अडतंय गणितात. पाहण्याचा भाग तर मालिका चालू असतानाच प्रत्यक्षात आला होता. ऑगस्ट 2012 मध्ये न्यू यॉर्क पोलिसांनी मायक्रोसॉफ्टबरोबर बांधलेली ‘डोमेन अवेअरनेस सिस्टिम’ जाहीर केली. त्या वेळी सुमारे 3,000 कॅमेरे, नंबरप्लेट वाचणारी यंत्रं, किरणोत्सर्ग टिपणारी उपकरणं, 911 या आणीबाणीच्या नंबरवर येणारे कॉल, सगळं एका पडद्यावर आलं. (मालिकेत फिंचचा भागीदार ते यंत्र सरकारला एका डॉलरला विकतो. खऱ्या न्यू यॉर्क शहराने मात्र ही यंत्रणा पुढे इतरांना विकली गेली तर त्यातला 30 टक्के वाटा आपल्याला, असं ठरवून घेतलं. पटकथालेखकांपेक्षा महापालिका व्यवहारी निघाली.) पण ही यंत्रणा करते काय? बेवारस बॅग दिसली की चित्रण मागे नेऊन ती कोणी ठेवली ते शोधते. तिची नजर होऊन गेलेल्या गोष्टीवर असते. मालिकेतलं यंत्र न झालेली गोष्ट सांगतं, आणि तिथे हिशेब फिसकटतो.

आकडे घेऊनच बघू. 2014 मध्ये न्यू यॉर्कमध्ये 328 खून झाले. लोकसंख्या साधारण 84 लाख. म्हणजे दिवसाला सरासरी एकसुद्धा नाही. आता समजा, यंत्र इतकं तयार आहे की हजार निरपराध माणसं तपासली तर एखाद्याच्याच बाबतीत चुकतं. 99.9 टक्के अचूक! एवढ्या आकड्यावर कुठल्याही कंपनीला निविदा मिळेल. पण रोज 84 लाख माणसं चाळायची म्हटलं की रोज 8,400 खोटी नावं हातात पडणार, आणि त्यांच्यात कुठेतरी एखादं खरं. चुकीचं प्रमाण दहा लाखांत एक एवढं खाली आणलं तरीही एका खऱ्या नावामागे साधारण नऊ खोटी. तेवढी फिंच आणि रीस यांनी उरकलीही असती, पण माणसाच्या वागण्याबाबत दहा लाखांत एकदाच चुकणारं काही आजवर कोणी बनवलेलं नाही. एआयमुळे चेहरा, आवाज, मजकूर ओळखणं खूप सुधारलं, हे खरं. खून ही मुळातच विरळ घटना आहे, हे त्याने बदलत नाही.

मालिकेने एक पळवाट ठेवली आहे. यंत्राला म्हणे ठरवून केलेले खूनच कळतात. शहाणपणाची पळवाट आहे, कारण बारमधल्या बाचाबाचीचा आधी फोनवर बेत शिजत नाही. पण त्यामुळे खरे नंबर आणखी कमी होतात आणि खोट्यांचं प्रमाण वाढतं. प्रामाणिकपणे मालिका काढायची तर बहुतेक भागांत रीस गाडीत बसून कुणा हिशेबनीसाला ऑफिसातून घरी जाताना बघत राहील, आणि पुढे काहीच होणार नाही.

प्रश्न: नंबर मरणाऱ्याचा की मारणाऱ्याचा, हे यंत्र सांगत नाही. ही निव्वळ रहस्य टिकवायची युक्ती ना? (नाशिक)

युक्ती आहेच. पण सगळ्या मालिकेत वास्तवाला सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच आहे.

शिकागो पोलिसांनी 2013 च्या सुमारास ‘स्ट्रॅटेजिक सब्जेक्ट लिस्ट’ वापरायला घेतली. बोलीभाषेत ‘हीट लिस्ट’. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक नावापुढे 0 ते 500 मधला एक गुणांक असे. हा माणूस गोळीबारात सापडण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगे. गोळी झाडणार की खाणार, यात तो फरक करत नसे. कारण सरळ आहे. दोन्ही बाजूंची माणसं त्याच वयाची, त्याच गल्ल्यांतली, त्याच भांडणांतली असतात. गुणांक काढायला शेवटच्या अटकेच्या वेळचं वय, पूर्वी गोळी लागली आहे का, हिंसक गुन्ह्यातल्या आणि अमली पदार्थांच्या अटका, बेकायदा शस्त्र, टोळीशी संबंध अशा नोंदी घेत. वंश त्यात नव्हता. मात्र अटका कोणाला जास्त होतात, हे शिकागोत कोणालाही विचारा.

कागदावर हेतू चांगला होता. पोलीस आणि समाजसेवक घरी जाऊन सांगणार की बाबा रे, तू धोक्यात आहेस, ही मदत घे. रँड या संशोधन संस्थेने 2013 च्या पहिल्या यादीतली 426 नावं तपासून 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. यादीत नाव असल्याने त्या माणसाचा जीव वाचण्याची शक्यता वाढली नव्हती. पण गोळीबाराच्या गुन्ह्यात अटक होण्याची शक्यता वाढली होती. मदतीची यादी संशयितांची यादी बनली होती. एका तरुणाने तर पुढे पत्रकारांना सांगितलं, की पोलीस दारात येऊन गेल्यावर वस्तीतल्यांना तो खबऱ्या वाटू लागला आणि त्यातूनच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. भाकीत खरं ठरलं म्हणायचं का हे?

यादी फुगत फुगत 2017 पर्यंत जवळपास चार लाख नावांवर गेली. नोव्हेंबर 2019 मध्ये तिचा वापर बंद झाला. चार लाख माणसं ‘विशेष’ असतील तर विशेष कोणीच नाही, हे कळायला एवढा काळ का लागावा, कोण जाणे.

प्रश्न: रीस नुसता कोणाच्या जवळून जातो आणि त्याचा फोन ‘क्लोन’ होतो. होतं का असं? (ठाणे)

नाही. समोरच्याने काहीही न दाबता, दोन सेकंदांत, कुठल्याही फोनची अशी नक्कल हाती येणं, ही निव्वळ पटकथेची गरज. मात्र बनावट मोबाइल टॉवरचं सोंग घेणारी उपकरणं खरी आहेत. आसपासचे फोन त्यांना जोडले जातात आणि कोणता फोन कुठे आहे ते कळतं. न्यू यॉर्क पोलिसांनी 2008 ते 2015 या काळात ती हजारहून जास्त वेळा वापरली, हे त्यांच्याच नोंदींतून बाहेर आलं. यावर मालिकेने एक भाग खर्च केला असता तर जास्त भीती वाटली असती.

जाता जाता, मालिकेतले सार्वजनिक फोन आता गेले का, असं विचारणाऱ्या मडगावच्या वाचकासाठी: होय, यंत्र रस्त्यावरच्या ज्या सार्वजनिक फोनवरून बोलतं, त्यांतला न्यू यॉर्क शहराच्या मालकीचा शेवटचा फोन मे 2022 मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळून उचलला गेला.

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सीत राहते. इथले पोलीस असं काही वापरतात का? (एडिसन)

तुमच्या जवळच्या प्लेनफील्डमध्ये वापरून झालंय. ‘प्रेडपोल’ नावाचं सॉफ्टवेअर होतं, पुढे त्याचं नाव जिओलिटिका झालं. ते माणसाचं नव्हे, जागेचं भाकीत करायचं: नकाशावर सुमारे दीडशे मीटर बाजूचे चौकोन, आज इथे गस्त घाला. मूळ कल्पना भूकंपशास्त्रातली. मोठ्या धक्क्यानंतर आसपास लहान धक्के बसतात, तशी एका घरफोडीनंतर शेजारी दुसरी होते. घरफोडीपुरतं यात तथ्य आहे, अनुभवी फौजदारही तेच सांगेल.

‘द मार्कअप’च्या पत्रकारांनी 2018 मधली प्लेनफील्डसाठीची 23,631 भाकितं नोंदवलेल्या गुन्ह्यांशी ताडून पाहिली आणि 2023 मध्ये निकाल छापला. जुळलेली भाकितं शंभराच्याही आत, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही.

नेम चुकण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. यंत्राला गुन्हे दिसत नाहीत, पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे दिसतात. जिथे गस्त जास्त तिथे नोंदी जास्त, नोंदी जास्त म्हणून पुन्हा गस्त तिथेच. दोन संशोधकांनी 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या अमली पदार्थांच्या नोंदी याच पद्धतीच्या गणितात घालून पाहिल्या. आरोग्य सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार नशा शहरभर पसरलेली होती. गणित मात्र पोलिसांना फिरून फिरून त्याच गरीब, बिगरगोऱ्या वस्त्यांत पाठवत होतं. लॉस एंजेलिसने 2020 मध्ये प्रेडपोल सोडलं. हे तंत्र आधी वापरून पाहणाऱ्या, कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझ शहराने तर त्याच वर्षी त्यावर बंदीच घातली.

प्रश्न: स्नोडेनच्या आधीच मालिकेने सगळं सांगितलं होतं. लेखकांना आतली माहिती होती का? (कोल्हापूर)

गरजच नव्हती. मालिका सप्टेंबर 2011 मध्ये सुरू झाली, अमेरिकी सरकारच्या टेहळणीचं गुपित फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं जून 2013 मध्ये छापून आली, हे बरोबर. पण वॉरंटशिवाय फोन ऐकले जातात, हे न्यू यॉर्क टाइम्सने डिसेंबर 2005 मध्येच दिलं होतं. त्याही आधी 2002 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘टोटल इन्फर्मेशन अवेअरनेस’ प्रकल्प उघडपणे काढला होता. त्याच्या कार्यालयाचं बोधचिन्ह काय, तर पिरॅमिडवरचा डोळा पृथ्वीवर नजर रोखून! कोणी मुद्दाम थट्टा केली असती तरी याहून बरी जमली नसती. ओरड झाली आणि 2003 मध्ये संसदेने पैसे तोडले. लेखकांनी एवढंच विचारलं, की हे बंद झालंच नाही तर?

मालिकेत ते यंत्र कट उधळत राहतं. खऱ्या जगात, देशभरातल्या फोन कॉलच्या नोंदी घाऊक गोळा करण्याचा उपयोग काय झाला हे अमेरिकी सरकारच्याच एका देखरेख मंडळाने तपासलं. जानेवारी 2014 च्या अहवालात मंडळ म्हणालं, की दहशतवादाच्या ज्या तपासाच्या निकालात या कार्यक्रमाने ठोस फरक पडला, असं एकही उदाहरण सापडलं नाही.

प्रश्न: मी निवृत्त पोलीस आहे. हद्दीत कोण काय करणार, ते आम्हाला आधीच कळायचं. आता राज्य सरकारचं ‘मार्व्हल’ आलंय. यंत्राने वेगळं काय होणार? (सातारा)

तुम्हाला कळायचं, हे मान्य. कायद्यालाही मान्य आहे, म्हणून तर तडीपारी आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 च्या कलम 56 खाली एखादा माणूस गुन्हा करण्याच्या बेतात आहे, असं मानायला वाजवी कारण असेल तर त्याला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढता येतं. म्हणजे भाकीत आपल्याकडे जुनंच आहे, फक्त ते फौजदाराच्या अहवालात असतं. पण कलम 59 प्रमाणे त्याआधी नोटीस द्यावी लागते, आरोपांचं साधारण स्वरूप सांगावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यात कसूर झाली म्हणून उच्च न्यायालयाने कितीतरी आदेश रद्द केलेत, तुम्हाला ठाऊकच असेल. अमुक तारखेला तमुकाला धमकावलं, याला उत्तर देता येतं. ‘तुझा गुणांक 430 आला’ याला काय उत्तर देणार?

‘मार्व्हल’ ही 2024 मध्ये नागपुरात स्थापन झालेली राज्य सरकारची कंपनी. गुन्ह्यांचं विश्लेषण आणि अंदाज, ही उद्दिष्टं तेव्हा सांगितली गेली. कागदपत्रं भराभर चाळायला, दोषारोपपत्रातल्या त्रुटी दाखवायला असं तंत्र जरूर वापरावं, त्यात वाद नाही. माणसांवर गुण चिकटवायला निघाले तर मात्र तीन आकडे मागावेत: इशारे किती दिले, खरे किती ठरले, खोटे ठरलेल्यांचं पुढे काय केलं. दिल्ली पोलीस चेहरा 80 टक्के जुळला तर ओळख पटली असं धरतात, हे 2022 मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जातूनच बाहेर आलं होतं. अर्ज कसा लिहायचा आणि कोणत्या उत्तराला अपील करायचं, हे तुम्हाला सांगायला नको.