३ फुटी प्लांटेड टँकसाठी कॅनिस्टर फिल्टर: सनसन ३०३बी, फ्लुवल ३०७, एहाइम क्लासिक ३५० की ओआसे बायोमास्टर ३५०?

तुमचा टँक ३६×१८×१८ इंचांचा, आत झाडं, ३० टेट्रा आणि ४ एंजल मासे, सध्या चालू आहे तो स्पंज फिल्टर. आता घ्यायचाय कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर कपाटात ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. तुमचा मुख्य प्रश्न असा की, सनसनच्या खोक्यावर ताशी १४०० लिटर लिहिलेलं असताना त्याहून कमी आकड्याच्या फिल्टरला कितीतरी जास्त पैसे का मोजायचे?

आधी तो आकडाच बघू. खोक्यावरचा प्रवाह हा नुसत्या पंपाचा असतो. डबा रिकामा, पाइपची चढण नाही, अशा स्थितीतला. फ्लुवल दोन्ही आकडे देते: ३०७ चा पंप ताशी ११५० लिटर, पण मीडिया (पाणी गाळणारे स्पंज, रिंग वगैरे) भरल्यावर फिल्टरमधून फिरणारं पाणी ताशी ७८०. बाकीच्यांचंही साधारण असंच धरा, आणि स्पंज तुंबत गेला की निम्म्यावर येतं. तुमच्या टँकचं माप १९१ लिटर भरतं. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १६० च्या आसपास. ताशी चार-पाच वेळा पाणी फिरावं असं धरलं तर खरा प्रवाह ६५० ते ८०० लिटर लागतो. एंजलना जोराची धार आवडत नाही, त्यामुळे याहून जास्तीचा हव्यास नको.

या हिशेबात एहाइम क्लासिक ३५० (जुना क्रमांक २२१५) मागे पडतो. त्याचा कागदावरचाच प्रवाह ६२० आहे. ३ फुटी टँकच्या कोपऱ्यात घाण साचत राहील. क्लासिक घ्यायचाच असेल तर ६०० (२२१७) घ्या: ताशी १००० लिटर आणि फक्त २० वॅट. सनसन ३०३बी चा पंप ३५ वॅटचा आहे, त्यातल्या यूव्ही दिव्याचे ९ वॅट वेगळे. फिल्टर चोवीस तास चालतो, म्हणजे १५ वॅटच्या फरकाने महिन्याला जवळजवळ ११ युनिट, वर्षाला १३० युनिट जास्त जळतात. स्वस्त फिल्टरची किंमत काढताना हे धरायला लोक विसरतात. क्लासिक शांत चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याला प्रायमिंगचं (सुरुवातीला डब्यात पाणी ओढून घेण्याचं) बटण नाही. आउटलेटचा पाइप बादलीत सोडून ओढ द्यावी लागते. ट्रे नसलेल्या मॉडेलमध्ये मीडिया डब्यात थेट थर लावून भरायचा असतो, त्यामुळे धुताना पसारा होतो.

आणि धुण्यावरच माझा सगळा भर आहे. कॅनिस्टर बिघडण्यापेक्षा न धुतल्यामुळे जास्त वेळा निकामी ठरतो. कपाटात बंद असतो, घाण दिसत नाही, चार-पाच महिने कोणी हात लावत नाही. तोवर आत कुजलेल्या गाळातून नायट्रेट वाढत राहतं आणि झाडांवर शेवाळ चढतं. म्हणूनच बजेट असेल तर मी ओआसे बायोमास्टर ३५० सुचवेन. त्याचा प्री-फिल्टर (घाण आधीच अडवणारा स्पंजचा भाग) मुख्य डबा न उघडता वरून उपसून काढता येतो. दर दोन आठवड्यांनी तेवढाच पिळून घेतला की खालचा मीडिया कित्येक महिने उघडावा लागत नाही. थर्मो मॉडेलमध्ये हीटर फिल्टरच्या आतच बसतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत त्याचा उपयोग आहे, मुंबईत त्यासाठी जादा पैसे घालू नका.

फ्लुवल ३०७ हा मधला चांगला पर्याय. दोन्ही पाइप एकाच व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात आहेत, दांडा उचलला की पाणी बंद होऊन ठोकळा सुटतो, फरशी ओली होत नाही.

सनसनही वाईट नाही, पण तो घेतलात तर पुढची कामं तुमच्याकडे येतात. मीडिया वेगळा घ्यावा लागेल. पाणी खालून वर चढतं, म्हणून सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये जाड स्पंज, त्यावर दोन ट्रे सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा खडी, आणि वर फिल्टर वूलचा (गाळण्याच्या कृत्रिम कापसाचा) एकच पातळ थर. वूल दाबून भरलं तर पाणी ट्रेच्या कडेच्या फटीतून निसटतं आणि न गाळताच टँकमध्ये परत येतं. बायोबॉल (प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे) बुडलेल्या डब्यात जागा अडवतात, घेऊ नका. यूव्ही पाणी हिरवं झालं तरच लावा. औषध घातलेलं असताना बंद ठेवा.

गळतीची भीती सगळ्यांनाच असते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण ओ-रिंग (झाकणाखालची रबरी कडी) असतं. झाकण काढलं की रिंग खाचेतून बाहेर काढा, खाच बोटाने पुसा. वाळूचा एक कण किंवा एक केस पुरतो. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, त्याने काही रबर फुगतात. झाकण चारही बाजूंनी सारखं दाबून मग समोरासमोरचे क्लिप जोडीने लावा. पहिले दोन दिवस फिल्टर प्लॅस्टिकच्या टबात ठेवा. आत पाणी ओढणारी जाळी खडीपासून तीन-चार इंच वर ठेवा: वाळू इम्पेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या पात्यात) जात नाही, आणि कधी गळालंच तरी जाळीच्या पातळीखाली पाणी उतरत नाही, मासे वाचतात.

धुताना मीडिया नळाखाली धरू नका. मीडियावर वाढलेले, माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया क्लोरीनने मरतात. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलवून घ्या, आणि स्पंज व रिंग एकाच दिवशी धुऊ नका. प्रवाह कमी झाला तर आधी जाळी, मग पाइपच्या आतली बुळबुळ, शेवटी इम्पेलर बघा. बोअरचं पाणी असेल तर इम्पेलरच्या दांड्यावर क्षार बसतात आणि फिल्टर घरघरू लागतो. दांडा व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून धुवा. नवीन फिल्टरची पहिल्या एक-दोन दिवसांतली घरघर मात्र अडकलेल्या हवेची असते, डबा हलकेच तिरपा केला की बुडबुडे निघून जातात.

लोडशेडिंग असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. बंद डब्यातला ऑक्सिजन थोड्या तासांतच संपतो आणि बॅक्टेरिया मरू लागतात. वीज बराच वेळ नव्हती तर फिल्टर तसाच सुरू करू नका, आतलं घाण पाणी टँकमध्ये येईल. डबा उघडा, पाणी ओता, मीडिया टँकच्या पाण्यात विसळा, मग चालू करा. १५-२० वॅटचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, तो तिथेच जोडा. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपुढे गेलं की स्प्रे बार (टँकमध्ये पाणी परत सोडणारी भोकांची नळी) वर घेऊन पृष्ठभाग हलता ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

आत्ता चालू असलेला स्पंज फिल्टर लगेच काढू नका. नव्या कॅनिस्टरसोबत तो किमान चार आठवडे चालू ठेवा, आणि काढण्याआधी माशांना विषारी असलेले अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आहेत का ते टेस्ट किटने तपासा.